गिऱ्हाईकाची खुर्ची

८ ऑगस्ट

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोघंही "मजेत" म्हणून मोकळे होतो, तेव्हा खरी बातमी पत्रातच लिहायची हा तुमचा हुकूम मान्य. तर बातमी अशी, की मला टेबल मिळालं. विद्यापीठाच्या ग्रंथालयात, जिन्याखाली, एक लांबट खोली आहे. अभ्यासात अडलेल्या मुलांना तिथे फुकट शिकवतात. प्रत्येक शिकवणाऱ्याला एक टेबल, दोन खुर्च्या. माझ्या टेबलावर 'गणित व संख्याशास्त्र' अशी पाटी आहे आणि ती वाचूनच मुलं पलीकडच्या निबंधाच्या टेबलाकडे वळतात. तिथे रांग असते. मी पेन्सिलींना टोकं काढत बसते. आता त्या इतक्या अणकुचीदार झाल्यात की जवळ बाळगायला परवाना लागेल.

माझी वेळ फक्त गुरुवारी चार ते पाच, अर्ध्या अर्ध्या तासाच्या दोन जागा. तुमच्या मोबाइलवर जे पान लावून दिलंय, त्यात माझे दोन चौकोन दिसतील. पांढरा म्हणजे रिकामा, हिरवा म्हणजे कुणीतरी वेळ घेतली. मुलांना लाज वाटू नये म्हणून तिथे नाव विचारत नाहीत, फक्त 'कशात मदत हवी?' एवढंच. आमच्या प्रमुख बाई म्हणतात, तिथे लिहिलेला प्रश्न कधी खरा नसतो. मूल येतं, बसतं, पाणी पितं, मग दुसरा प्रश्न विचारतं. तो खरा. मला अजून पहिलाही कुणी विचारलेला नाही.

सत्र संपेपर्यंत असंच चाललं तर टेबल बंद, असं बाईंनी स्पष्ट सांगितलंय. टेबल असणाऱ्यांनाच वसतिगृहात खोली मिळते. टेबल गेलं की खोली गेली, आणि खोली गेली की प्रबंध अर्धवट टाकून घरी यायचं. तुम्ही घाबरू नका, मी घाबरलेय तेवढं पुरे.

माया आहेच, पत्र पाठवून ती ताजी ठेवा.

तुमची,
गोगलगाय


१४ ऑगस्ट

चि. गोगलगाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. अगं, हे दुखणं दुकानदारीचं आहे, ते मला विचार. मी शिलाईचं दुकान काढलं तेव्हा पहिलं वर्ष माशा मारण्यात गेलं. रिकाम्या दुकानात कुणी पाय ठेवत नाही. त्यावर उपाय काढला तो तुझ्या आईने. घरचं आवरलं की यायची आणि गिऱ्हाईकाच्या खुर्चीत बसायची, मांडीवर कापड घेऊन, जणू माप द्यायला आलीय. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटायचं, कुणीतरी बसलंय म्हणजे शिंपी बरा असणार. बघता बघता गिऱ्हाईक लागलं. पुढे हाताला उसंत नव्हती तरी ती येतच राहिली. खुर्चीची सवय झाली म्हणायची.

तुझं पान मी रोज उघडतो. त्यातलं फारसं कळत नाही, पण तू तिथे कुठेतरी आहेस एवढं कळतं. दोन्ही चौकोन पांढरे असले की बघवत नाही. शेजारचा चष्मेवाला मोबाइलमधला मोठा पंडित आहे, त्याच्याकडून चार गोष्टी शिकतोय. उतारवयात शिंगं मोडून वासरांत शिरलोय म्हण.

मी मजेत आहे. दुकान सकाळी उघडतो, संध्याकाळी बंद करतो. वेळेवर जेवत जा, आणि म्हाताऱ्याला विसरू नकोस.

तुझे,
बाबा


२९ ऑगस्ट

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

चौकोन हिरवे झाले, तेही दोन्ही. मागच्या आठवड्यात कुणीतरी माझा पूर्ण तास घेतला. कशात मदत हवी, तर 'भागाकार जमत नाही'. आधी हसले, मग माझीच मला लाज वाटली. भागाकार येत नसताना विद्यापीठापर्यंत पोचायचं आणि वर तसं कबूल करायचं, याला केवढी छाती लागते. इस्त्रीचे कपडे घालून गेले. पाच वाजले, कुणी आलं नाही.

काल पुन्हा तेच. या वेळी 'अपूर्णांक'. दाराकडे बघून बघून मान अवघडली. निबंधवाल्याने येऊन विचारलं, की तुमचं गिऱ्हाईक अदृश्य आहे का. मी त्याचं नाव 'भागाकारवाला' ठेवलंय. आठवडाभर त्याच्यासाठी सोपी उदाहरणं काढते, तो कसा दिसत असेल याचा विचार करते. येत नाही, तरी त्याची सोबत वाटते, बाबा. इथे दिवसचे दिवस माझ्याशी कुणी बोलत नाही हो. ग्रंथालयातला शिपाई तेवढा "बंद करतोय" म्हणतो.

हे लिहायला नको होतं, पण आता खोडलं तर तुम्ही उजेडात धरून वाचाल. लोभ राहू द्या, काळजी नको.

तुमची,
गोगलगाय


४ सप्टेंबर

चि. गोगलगाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

येईल गं तो. लाजाळू असेल, म्हातारा असेल, काही सांगता येतं का? आणि नाही आला तरी चौकोन हिरवा आहे ना? रस्त्यावरून जाणाऱ्याला तेवढंच दिसतं. तुझी आई तरी कुठे कपडे शिवून घ्यायची?

त्याच्यासाठी उदाहरणं काढत बसू नकोस, डोळे जातील. दिवसचे दिवस कुणी बोलत नाही हे वाचून फार वाईट वाटलं. धीराचं बोलणं तुझ्या आईला जमायचं. शिंप्याला बोलायचं काम फक्त मापापुरतं.

जीव लावला आहे, तो तसाच असू दे.

तुझे,
बाबा


१२ सप्टेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि. आणि लगेच भांडण.

काल चौकोनात प्रश्न होता, 'सव्वादोन मीटर कापडाचे तीन सारखे भाग कसे करावे?' बाबा, या अख्ख्या विद्यापीठात सव्वादोन म्हणणारं माणूस नाही. पाऊण पाऊण मीटर. तुम्हाला ते झोपेतसुद्धा येतं. मला गोगलगाय म्हणता आणि पोटात पाय तुमच्या!

मी हसत होते तोवर दारात एक मुलगी दिसली. संख्याशास्त्रात दोनदा नापास झालीय, तिसऱ्यांदा झाली तर नाव कमी होईल. गेले कित्येक दिवस ती माझी वेळ मागतेय आणि पान तिला 'जागा नाही' सांगतंय. काल नुसतीच बघायला आली, की इतकी गर्दी असलेलं टेबल असतं तरी कसं. मी एकटी, समोरची खुर्ची रिकामी. बसू का म्हणाली. बसली, पाणी प्यायली आणि रडायला लागली. दुकान भरलेलं दिसावं म्हणून आई खुर्चीत बसायची, पण खरं गिऱ्हाईक आलं की उठायची ना? तुम्ही उठलाच नाहीत.

बाईंनी नोंदी काढल्या. सगळ्या जागा भरलेल्या, आलेलं कुणी नाही. टेबल बंद करायला निघाल्याच होत्या. त्या मुलीने तिथल्या तिथे लिहून दिलं की तिला हे टेबल हवंय. म्हणून पुढचं सत्र मिळालं. थोडक्यात वाचले. भागाकारवाला कोण ते मी सांगितलं नाही.

खूप राग आला होता. रात्री उतरला, आणि मग त्याची आठवण यायला लागली, जो कधी आलाच नव्हता. चार वाजताची जागा आता त्या मुलीची. साडेचारची अजून रिकामी आहे. ती मी तुमच्यासाठी पानावरून काढून ठेवलीय, बाई हो म्हणाल्या. जागा घेतलीत तर आता या. चष्मेवाल्याकडून फोनवर चेहरा दिसेल असं करून घ्या.

माया तेवढीच आहे, भांडणाने घटलेली नाही.

तुमची,
गोगलगाय


१८ सप्टेंबर

चि. गोगलगाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चुकलो. त्या मुलीला माझ्याकडून सांग, की म्हातारा उठला.

येत्या गुरुवारी साडेचारला येतो. दुकान तेवढा वेळ बंद ठेवीन. तसं ते उघडं असून तरी काय, मशीन गणपतीसारखी नुसती पुजून ठेवलीय. तयार कपड्यांच्या दिवसांत माप द्यायला कोण येतं? हे तुला सांगितलं नव्हतं.

रीतीप्रमाणे कशात मदत हवी ते लिहितो. पहिला प्रश्न: फोन उभा धरायचा की आडवा?

दुसरा आताच लिहून ठेवतो, समोर बसलो की जीभ वळायची नाही. तुझी आई गेल्यापासून ती खुर्ची मी हलवलेली नाही, आणि तिच्याकडे बघवतही नाही. मला इथे फार एकटं वाटतं. तुलाही तिथे तसंच वाटतं का गं?

उत्तराची घाई नाही. आपल्याकडे अर्धा तास आहे.

तुझे,
बाबा