सगळ्या फाइलींचा एकच पत्ता

सोमवार, ४ मार्च. सकाळी ९.४०
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. टीम लीडची खुर्ची रिकामी झालीय. शुक्रवारच्या डेमोनंतर साहेब नाव जाहीर करणार. उमेदवार दोन: मी आणि पलीकडच्या टेबलावरची बटणवाली. ती पडद्यावरची बटणं करते. चांगली करते, पण शेवटी बटणंच.

माझा हुकमी एक्का म्हणजे इम्पोर्टचे पत्ते. आमच्या प्रोजेक्टमध्ये एका फाइलीला दुसरी बोलवायची तर ../../../../ असं लिहावं लागतं. म्हणजे एक मजला वर जा, आणखी एक वर जा, दमलात तरी वर जा, मग कुणाला तरी विचारा. मी हे सगळं काढून @ हे एकच टोपणनाव देणार. @ म्हणजे कुठलं फोल्डर, ते बंडलर नावाच्या प्रोग्रामच्या कॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाइलीत, एकदाच लिहायचं. पुढे फाइली गोळा करून गाठोडं बांधताना तो बिचारा आपलं आपण शोधतो. अर्ध्या तासाचं काम. साहेबांना तसं सांगितलं. त्यांनी भुवया वर केल्या. प्रभावित झाले असावेत.

संध्याकाळी ६
अर्धा तास अजून संपलेला नाही. बंडलर म्हणतो, फाइल सापडत नाही. समोर आहे! मला दिसते!

मंगळवार, ५ मार्च
संकल्प: चिडायचं नाही. डॉक्युमेंटेशन आधी वाचायचं. चहा दोनच.

दुपारी
डॉक्युमेंटेशन फार लांबलचक. ज्यांना स्वतःला सुचत नाही त्यांच्यासाठी असतं. चहा पाच.
खबरदारी म्हणून अख्ख्या प्रोजेक्टची प्रत काढून शेजारी ठेवली. फोल्डरचं नाव 'जुनं - हात लावू नये'. एवढी दूरदृष्टी बटणवालीकडे कुठली.

संध्याकाळी ५.१५
चाललं!!! पत्ता हाताने टाइप करत बसलो होतो, तिथेच चुकत होतं. दोन्ही फोल्डरं उघडीच होती. एक उचललं, ओढून कॉन्फिगमध्ये सोडलं, पूर्ण पत्ता आपोआप उमटला. एकही एरर नाही.
घरी बायकोला सांगितलं, लीड झाल्यातच जमा. जाहीर झालं का, तिने विचारलं. मी म्हटलं, तांत्रिकदृष्ट्या.

बुधवार, ६ मार्च
काम आत्ताच कुणाला दाखवायचं नाही. थेट शुक्रवारी, माझ्याच लॅपटॉपवर, ग्राहकासमोर.
बटणवाली सांगत आली: ग्राहकाच्या मॅडमची तक्रार होती की 'पैसे भरा' बटण लाल असल्याने लोक दाबायला घाबरतात, म्हणून ते हिरवं केलंय. तिचं काम माझ्याकडे उतरवून घेतलं. बटण लाल. तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, माझ्याकडे तर हिरवं आहे. मी म्हटलं, रंग काही प्रत्येकाच्या मनावर नसतो. ती आपल्या टेबलावर परत गेली. पटलं असावं.

गुरुवार, ७ मार्च
तिने पुन्हा तपासलं म्हणे. माझ्याकडे लालच. शेवटी साहेबांना मेल टाकला: काही सहकारी काम न करताच झालं म्हणून सांगतात, मी नाव घेणार नाही, बटणांचं काम आहे.
मग सहज गंमत म्हणून मीच शीर्षकातला एक शब्द बदलला. तोही पडद्यावर बदलेना. कॅशे! ब्राउझरच्या या साठवणीला जुनं धरून बसायची खोडच आहे. लॅपटॉप बंद करून चालू केला. नाही. ब्राउझर बदलला. नाही. माउस बदलला.
काळजीचं कारण नाही. शीर्षक होतं तेच बरं होतं.
बायकोचा फोन. तिने माहेरी कळवूनसुद्धा टाकलं. एवढी काय घाई, असं मी म्हटलं. बरं मात्र वाटलं.

शुक्रवार, ८ मार्च. दुपारी ३
डेमो झाला.
भिंतीवर लाल बटण. मॅडम म्हणाल्या, हेच तर नको होतं. मी बटणवालीकडे बोट दाखवलं. ती उठून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, जरा कॉन्फिग उघडता का? उघडली. साहेब, मॅडम, सगळ्यांच्या देखत, वीतभर अक्षरांत दिसलं: @ म्हणजे 'जुनं - हात लावू नये'.
चुकीचं फोल्डर ओढलं होतं. मंगळवारपासून माझ्या पडद्यावर सगळं त्या प्रतीतूनच येत होतं. लोकांनी कितीही बदल केले तरी मी आपला मंगळवारच बघत होतो.
कुणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं.
तिने पत्ता बदलला. बटण हिरवं झालं. मॅडम म्हणाल्या, छान.

संध्याकाळी ६
लीड: बटणवाली. साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, त्या मेलबद्दल तिची माफी मागा. मी म्हटलं, मागणारच होतो. मागितली. ती म्हणाली, टोपणनावाची कल्पना चांगलीय, सोमवारी सगळ्यांसाठी चालू करू. इतकं चांगलं वागायची काही गरज होती का? फार लाज वाटली.

शनिवार, ९ मार्च. सकाळी १०
बायकोला अजून सांगायचंय. 'पदापेक्षा काम मोठं' अशी सुरुवात बरी वाटते. पाठ करत होतो, तेवढ्यात सासऱ्यांचा फोन. जावईबापू, अभिनंदन, म्हणाले. आम्हाला खात्रीच होती, असं मागून सासूबाईही ओरडल्या. मी म्हटलं, तुमचे आशीर्वाद.
हाताखाली किती माणसं दिलीत, सासऱ्यांनी विचारलं. सध्या एकच, मी म्हटलं.
कसा आहे, म्हणाले.
जरा लक्ष ठेवावं लागतं, मी म्हटलं.