दोऱ्यानं झिजलेला पैसा

समुद्रपूर, १२ जानेवारी २०२५

चि. दामिनीस,
अ. उ. आ.

फोनवर मले निस्ती खरखर ऐकू येते, म्हणून अंगणवाडीतल्या रुपाच्या हातानं लिहून घेऊन राह्यली. गावातल्या श्रावणच्या हाती आपला पोराईच्या कमरेचा भोकाचा पैसा पाठवला. तुया सूरजदादानं मोबाईलवर पाह्यलं, असा पैसा लाखाले जाते म्हणे. आता त्याच्या पोरीच्या कमरेले बांधू देत नाई, विकतो म्हणते. मी सांगतलं, घरात दामिनी एकटीच शिकली, ते म्हणन ते खरं. बारशाच्या आधी किंमत कळवजो. अन् जेवत जाजो, फोटोत काडी दिसली.

तुले रोज आठवणारी,
भागाकाकू

सेवाग्राम, २२ जानेवारी २०२५

ती. भागाकाकूस,
शि. सा. न. वि. वि.

पैसा पोचला. तो ओढणीच्या टोकाला बांधून मी तीन दिवस नर्सिंगच्या वर्गात बसले. दर तासाला चाचपून पाहायची, म्हणून मैत्रीण रुचिका हसत होती.

रविवारी पिपरी मेघेला तिच्या शेजारच्या ओमप्रकाशजींकडे गेलो. ते चाळीस वर्षांपासून नाणी जमवतात. पैशातला जुना करदोरा काढायला त्यांनी कात्री दिली, पण आपल्यात त्या दोऱ्याला लोखंड लावत नाहीत. मी बाभळीच्या काट्यानं गाठ सोडवली. पाऊण तास लागला. रुग्णाचे टाकेही अशीच काढशील का, असं त्यांनी विचारलं.

काकू, पैसा १९४४ चा आहे. युद्धात धातू वाचवायला असे भोकाचे पैसे काढले होते, आणि ते इतके निघाले की अजून ढिगानं मिळतात. किंमत वीस-तीस रुपये. मी दोनदा विचारलं, वर्ध्यात दुसऱ्या जाणकारालाही दाखवलं. दादाला वाटेल मी काही लपवते. त्याचा विश्वास उडेल या भीतीनं मला दोन दिवस जेवण गेलं नाही. पण खरं तेवढंच आहे. पैसा या पत्रासोबत परत पाठवते.

आणखी एक सांगायचं आहे. ओमप्रकाशजींनी त्यांच्याकडचा त्याच सालचा पैसा शेजारी ठेवला. त्याचं भोक गोल होतं. आपल्या पैशाचं एका बाजूनं ओढल्यासारखं लांब झालं आहे, पाण्याच्या थेंबासारखं. भिंगातून ती कड अगदी गुळगुळीत दिसली. ते हळूच म्हणाले, इथून दोरा चालला आहे. सुती दोऱ्यानं धातू कापला, काकू. पोरांच्या रांगण्यानं, धावण्यानं. त्यात माझंही धावणं आहे. कितीजणांनी घातला होता गं?

मायेत अंतर नसावं, ही विनंती.
तुझी दामिनी

समुद्रपूर, २९ जानेवारी २०२५

चि. दामिनीस,
अ. उ. आ.

रुपानं पत्र तीनदा वाचलं. सूरजले पटे ना. शिकलेले सारे एकमेकाचीच री ओढतात, म्हणे. मग पैसा घेऊन उन्हात गेला, भोकात नख फिरवलं. पुन्हा फिरवलं, अन् तिथंच खाली बसला. तुयावर शंका घेतली म्हणून आता त्याले तोंड दाखवाची लाज वाटून राह्यली. त्याले तूच फोन करजो.

मोजलं तं तेवीस पोरं भरली. पह्यले तुया आजा जंगलू, मग त्याचा भाऊ बापूजी, तुया बाप, आत्या, सूरज, तू. त्यातले चार वाचले नाई. त्याईचे नावं सांगतली तं रुपाचा हात थांबला. मी म्हटलं, लिही. त्याईनंबी थोडा थोडा झिजवलाच असन.

काल सूरजनं सोताच्या हातानं काळा दोरा वळला. चोविसावी आपली पोरगी.

तुया वाटेकडे डोळे लावून,
भागाकाकू