टुलामागची दोन पावलं

३ मार्च

टूल पुन्हा हललेलं! काल खिडकीपासून वीतभर लांब ठेवून गेले होते, आज भिंतीला टेकलेलं. आणि आखूड पायाखाली गोळ्यांच्या खोक्याचा घडी घातलेला तुकडा. रक्तदाबाच्या गोळ्या. घरात त्या घेणारा माणूस एकच — सासरे. म्हणजे मी फोटोच्या दुकानात कामाला गेले की हे टुलावर चढतात. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, आणि चढतात! वर त्या कोपऱ्यात मी फोटो काढते त्या कोळिणीशिवाय आहे काय?

४ मार्च

आज चाळीस फोटोंत एक जमला. पण काय जमला! आठही डोळे, पुढचे दोन तर गाडीच्या दिव्यांसारखे. मिशा मोजून घ्याव्यात.

दुकानाच्या मालकांनी भंगारात टाकायला काढलेली जुनी लेन्स उलटी लावायची, मध्ये चिप्सच्या डब्याचं नळकांडं, आतून काळा कागद, वरून चिकटपट्टी. फ्लॅशपुढे तारेच्या कड्यावर ताणलेली, धुतलेली दुधाची पिशवी. मालक म्हणतात, तुमचा कॅमेरा पाहून कोळीच घाबरत असेल. म्हणू देत. या कॅमेऱ्याला फोकसची चाकी नाही. श्वास रोखून आपणच केसभर पुढे-मागे व्हायचं. त्या वेळी घराला आग लागली तरी मला कळणार नाही, असं नवरा म्हणतो.

टूल तेवढं बरं वागतं. एक पाय आखूड, रिकामं असलं की खडखडतं. मी चढले की गप्प. वजनाचा काहीतरी उपयोग झाला म्हणायचा.

६ मार्च

कोळीणबाईंनी घर बांधलं! खिडकीच्या चौकटीत, पडद्याच्या दांडीमागे, पांढऱ्या रेशमाची पिशवी. आत अंडी असणार. तीनेक आठवड्यांत पिल्लं. या वेळी पिल्लं बाहेर पडतानाचा फोटो मिळालाच पाहिजे.

जेवताना सासऱ्यांनी ताटाकडे बघत विचारलं, "ते किती दिवस राहणार तिथे?"

मी म्हटलं, कोण जाणे. सांगते आहे मी! गेल्या वर्षी स्वयंपाकघराच्या दारावर फुलपाखराचा कोष होता. अकरा दिवस मी त्याच्या मागे होते. बाराव्या दिवशी सासऱ्यांनी ओल्या फडक्याने पुसून टाकला. दाराला घाण लागली होती म्हणे. मी तेव्हा तोंडाला येईल ते बोलले. त्यानंतर आमच्यात "चहा ठेवलाय" आणि "गॅस संपत आलाय" एवढंच बोलणं उरलं आहे.

९ मार्च

चादर बदलताना सासऱ्यांच्या उशीखाली गोळ्यांची रिकामी बाटली. झाकणाला सुईने पाडलेली भोकं. सात भोकं, मोजली मी.

भोकं कशाला पाडतात? आत काहीतरी जिवंत ठेवायचं असतं म्हणून! पकडून लांब कुठेतरी फेकून यायचा बेत असणार. बाटली होती तशी ठेवून दिली.

१० मार्च

बाटली जागेवर नाही.

११ मार्च

सकाळी टुलाभोवती पावडर भुरभुरली आणि मग वर चढले. वीस मिनिटं फोटो काढले. खाली उतरून बघते तर टुलाच्या मागे दोन अनवाणी पावलं! शेजारी शेजारी, अंगठे टुलाकडे. उजवा अंगठा वाकडा, म्हणजे प्रश्नच मिटला. मी वर असताना म्हातारा माझ्या पाठीशी उभा होता! नेमकी कुठे बसते ते बघून ठेवत असणार.

एक गोष्ट मात्र समजत नाही. बाई चांगल्या गुबगुबीत दिसताहेत. बंद खिडकीत हिला खायला मिळतं कुठून?

१२ मार्च

नवऱ्याला फोनवर सगळं सांगितलं. पावडरचं ऐकून तो इतका हसला की खोकला लागला. "तू पोलिसात जायला हवं होतंस. अगं, सरळ बाबांना विचार ना." तिकडे बसून बोलायला काय जातं? महिन्यातून दोन दिवस येतो, त्यातला एक झोपण्यात जातो.

१३ मार्च

करू नये ते केलं.

सासरे अंघोळीला गेले, तेवढ्यात जाड कार्डाने घरटं चौकटीवरून सोडवायला घेतलं. माझ्या कपाटात, जाळी बांधलेल्या बरणीत सुरक्षित राहील म्हणून. एका बाजूने टरकन फाटलं. बाई बाहेर आली, मला आठही डोळ्यांनी बघितलं आणि उडी मारली. शोध शोध शोधली. अंडी बरणीत, आई बेपत्ता. ज्याची भीती होती ते मीच केलं.

१४ मार्च

सासरे बराच वेळ खिडकीशी उभे. मग बाटली घेऊन आले. तीच, भोकांची. आत दोन बारीक माश्या, केळ्याच्या सालीवर बसतात तसल्या.

"गेली का ती?"

त्यांनी खिडकी उघडली, झाकण काढलं, माश्या बाहेर सोडल्या. म्हणाले, "अंडी घातल्यापासून जागा सोडत नव्हती. रोज दोन द्यायचो. कोष पुसला तेव्हा मला खरंच ठाऊक नव्हतं गं, आत जीव असतो ते."

मी बरणी आणून त्यांच्यासमोर ठेवली. सगळं सांगितलं. रडले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त चष्मा बदलला आणि माझ्या शिवणाच्या डब्यातून टाचण्या मागितल्या. टुलाला त्यांनी हातही लावला नाही. उंच माणूस, नुसता हात वर केला की चौकटीला पोचतो. घरटं दोन टाचण्यांनी पुन्हा जागेवर लावलं.

मग त्या खोक्याच्या तुकड्याचं काय? विचारायचं राहिलं.

१६ मार्च

बाई परत आली! फाटलेली बाजू तिने पुन्हा विणून घेतली आहे. सासऱ्यांनी मला उठवून दाखवलं. बाटली पुन्हा कामाला लागली.

१९ मार्च

मालकांनी चार तारखेचा फोटो दुकानात लावायला मोठा करून घेतला. पडद्यावर कोळिणीचा एकच डोळा ताटाएवढा झाला. त्यात आमची खोली उमटलेली. दुधाची पिशवी, कॅमेरा, टुलावरची मी. मालक म्हणाले, "हे मागे कोण वाकलंय?"

पांढरा बनियन. दोन्ही हातांनी टूल धरून ठेवलेलं.

मग एक तारखेपासूनचे सगळे फोटो उघडून बघितले. सगळ्यांत आहेत.