जोडीतला दुसरा पट्टा

बाई, आज तुमचे मनगटपट्टे दुकानात लागले. हे सांगावं असं दुसरं कोणी नाही, म्हणून तुम्हालाच लिहितेय. मोताळ्याच्या आपल्या शाळेत बास्केटबॉलचं मैदान म्हणजे मुरमाची जागा आणि एक वाकडी रिंग. घाम पुसायला मनगटपट्टे कुठून येणार? तुम्ही जुन्या पायमोज्यांचे वरचे भाग कापून आणायचात, एक पांढरा, एक खाकी, हाताला येईल तो. आणि वर तुमचा तो नियम. मी बास्केट करते, आनंदानं नाचते, आणि तुम्ही शिट्टी मारता. "नाचू नको वं. बॉल कोनं देल्ला तुले? जाय, पट्टा बदल तिच्यासंग." मी नाक मुरडते, "बाई, तिचा घामानं वल्ला हाय." "मंग तुहा काय कोरडा हाय?" साऱ्या पोरी हसतात. खेळ संपेपर्यंत कोणाचा पट्टा कोणाच्या हातात, काही पत्ता नसायचा.

आता मी पुण्यात एका स्ट्रीटवेअर ब्रँडसाठी डिझाइन करते. खेळाचं सामान बनवणाऱ्या एका कंपनीबरोबर आमचं कोलॅब ठरलं, दोघांच्या नावानं एकत्र माल काढायचा: बॉलची बॅग, हेडबँड, मनगटपट्टे. मीटिंगमध्ये कोणालाच काही सुचेना, तेव्हा मी तुमचा नियम सांगितला. वाहवा झाली. पाकिटात दोन पट्टे, कडा मुद्दाम कापल्यासारख्या, वर छापलं: एक तुझा, एक पास देणाऱ्याचा. जाहिरातीत तुम्ही 'एका छोट्या गावातली कोच' झालात. "छोटं? तालुका हाय मोताळा!" म्हणून तुम्ही त्यांना चांगलं उभं-आडवं घेतलं असतं. मला हसू आलं, आणि मग फार वाईट वाटलं. तो नियम आपल्या मैदानाचा होता, घामानं ओला. मी तो धुऊन, घडी घालून विकायला ठेवला.

दुकानात आज झुंबड होती. पण पोरंपोरी दोन्ही पट्टे स्वतःच्याच हातांत चढवून आरशात बघत होती. न राहवून एकीला विचारलं, "दुसरा कोणाला देणार?" ती म्हणाली, "का? जोडी आहे ना." असा राग आला म्हणून सांगू! वाटलं, तुमच्यासारखी शिट्टी मारावी.

कंपनीनं मलाही एक पाकीट दिलं. घरी येऊन उघडलं, एक पट्टा घातला आणि दुसरा घेऊन बसून राहिले. तुमच्यानंतर मला कोणी पास दिला असेल, तर तो चेहरा काही केल्या आठवेना. हे लिहिताना दोन्ही पट्टे माझ्याच हातांत आहेत, बाई.