डाव्या डोळ्याचा नकाशा

प्रिय दादा,

'प्रिय' लिहिताना पेन अडलं, तरी खोडत नाही. आठ दिवस तुझे फोन उचलले नाहीत, कारण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. पत्राला मध्येच तोडता येत नाही.

गेल्या आठवड्यात घड्याळवाली पुन्हा दवाखान्यात आली होती. तू आतच होतास आणि 'डॉक्टर नाहीत' असं मला सांगायला लावलंस. बापाच्या दुकानात घड्याळं दुरुस्त करणारी, तेवीस वर्षांची पोरगी. भिंग लावताना चष्मा मध्ये येतो, म्हणून गेल्या वर्षी लेझरने नंबर घालवून घ्यायला आली होती. आता तिच्या डाव्या डोळ्याला एका काट्याचे तीन काटे दिसतात. बुबुळावरचा पारदर्शक कॉर्निया पातळ होऊन पुढे फुगत चाललाय. मला म्हणाली, "ताई, बाबा मला आता फक्त पट्टे बदलायला देतात." मला तिच्याकडे बघवेना.

गेल्या वर्षी, तिच्या लेझरच्या दिवशी, तपासणीच्या खोलीत मीच होते. हनुवटी टेकवा, ठिपक्याकडे बघा, पापणी मिटू नका. यंत्राने काढलेला कॉर्नियाचा नकाशा नुसत्या नजरेला ठीकच दिसत होता, मलाही. पण नव्या एआय प्रोग्रामने डाव्या डोळ्यावर लाल खूण केली: कॉर्निया कमकुवत वाटतो, आजाराची सुरुवात असू शकते, शस्त्रक्रियेआधी पुन्हा तपासा. मी तिला खोदून विचारलं. दरवर्षी नंबर बदलत होता, डोळे चोळायची सवय होती. कागद घेऊन मी तुझ्याकडे धावले. तू तो हातातही घेतला नाहीस. "वीस वर्षं डोळे बघतोय मी. आता हा डबा मला शिकवणार?" सगळा स्टाफ फिदीफिदी हसला. मान्य आहे, त्या महिन्यात प्रोग्रामने दोनदा उगाच घाबरवलं होतं. म्हणून तिसऱ्यांदा बघायचंही नाही? सहा महिने थांबून दुसरा नकाशा काढला असता तर काय आभाळ कोसळलं असतं? तुझा तोरा तेवढा उतरला असता.

लहानपणापासून तुझं हेच. गणिताचं उत्तर जुळलं नाही की पुस्तकात छपाईची चूक. आई कौतुकाने हसायची, मीही हसायचे. तुझ्या माजाला आम्हीच खतपाणी घातलं. आणि त्या दिवशीही, तुझं बोलणं ऐकून मी खाली मान घालून परत गेले आणि तिच्या डोळ्यांत भूल देणारे थेंब माझ्याच हातांनी घातले. "दुखेल का हो?" तिने विचारलं. "अजिबात नाही," मी म्हणाले. त्या एका वाक्यासाठी मी स्वतःला माफ करणार नाही. तुलाही नाही.

काल वहिनी घरी आली. एक कागद पुढे केला. तिच्या बापाच्या तक्रारीवर नेमलेल्या चौकशी समितीसाठी माझा जबाब, तूच लिहिलेला: 'त्या दिवशी प्रोग्राम बंद होता, कोणताही इशारा मिळाला नाही.' खाली माझं नाव, सहीपुरती जागा कोरी. वहिनी रडली, आईची शपथ घातली. मी सही केली नाही. आज सकाळी मी त्या दुकानात गेले आणि बापलेकीला सगळं सांगितलं, माझ्या गप्प बसण्यासकट. तिने एवढंच विचारलं, "तेव्हा का नाही बोललात?" उद्या अकराला समितीसमोर मी जे घडलं तेच सांगणार आहे. हे तुला तिथे अचानक कळू नये, म्हणून हे पत्र. आधी बोलायची पाळी तुझी आहे. तू खरं बोललास, तर मी तुझ्या शेजारी बसेन. नाहीतर समोर बसेन, आणि नजर वळवणार नाही.

तुझीच, त्याला इलाज नाही म्हणून,
धाकटी