हळदीच्या परातीखालचे आबा

कशेळी, ता. भिवंडी
रविवार, जेवणं उरकल्यावर

तीर्थस्वरूप धोंडूआत्यास,

केसरीनाथचा वाकून नमस्कार. (वाकणं आता कागदावरच जमतं.) गणेशपुरीच्या कुंडात शेकून तुझे गुडघे काही हलके झाले का? तू नातीच्या, करिष्माच्या हळदीला आली नाहीस म्हणून तुझी सून मैना अजून फुगलेली आहे. मी नाही. तिथे आलेल्या बायकांनी माझं जे केलं त्यात तूही असतीस, तर मी हे पत्र कोणाला लिहिलं असतं? असो. आधी महत्त्वाचं सांगतो, म्हणजे तुझा जीव टांगणीला नको: आबा सापडले.

माझ्या रेकॉर्डी तुला ठाऊक आहेत. (तू त्यांना काळ्या थाळ्या म्हणतेस. मैनाही तेच म्हणते, आणि सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.) मला स्टुडिओत बंद दाराआड गायलेलं चालत नाही, पाहुण्यांशिवाय लग्न लावल्यासारखं वाटतं. मला प्रत्यक्ष मैफलीतल्याच रेकॉर्डी लागतात, ऐकणाऱ्यांसकट. एकीत बाईंनी तान टिपेला नेली की कोणाचं तरी पोर भोकाड पसरतं. दुसरीत वीज जाते आणि बुवा अंधारात गातच राहतात. (वीज गेल्यावर रेकॉर्डिंग कसं झालं, हे मी कधी कोणाला विचारलेलं नाही.) आणि तिसरी ती ठाण्यातल्या मैफलीची. तबला लावणं चाललेलं असतं, सगळं शांत, आणि मागून आबांचा आवाज येतो, ‘जरा सरक ना रं, मना निस्ता खांबच दिसतो!’ लगेच एक बाई फिसकन हसते. आबा गेले, त्यांचे फोटो राहिले, टोपी राहिली. पण आवाज म्हणशील तर तेवढ्या एका वाक्यापुरता राहिला.

हळदीच्या दिवशी मी दापोड्याला गोडाऊनवर होतो. इकडे मंडप सजवणारा मनोज ‘जुन्या जमान्याची थीम’ म्हणून काहीतरी मागत होता. मैनाने कपाट उघडून दिलं. संध्याकाळी येऊन बघतो तर माझा सगळा संग्रह नायलॉनच्या दोऱ्यांनी मंडपाला लटकलेला, पंख्याच्या वाऱ्यावर गरगरतोय, आणि खाली डीजेच्या भिंती धडधडताहेत! मी स्टुलावर चढून एकेक रेकॉर्ड उतरवू लागलो. लोकांना वाटलं मुलीचा बाप नाचायला जागा करतोय, टाळ्या पडल्या. रडणारं पोर मिळालं, वीज गेलेले बुवा मिळाले, आबा नाहीत. मुलगी उद्या सासरी जाणार आणि आजच बाप दुसऱ्यांदा गेला, असं काहीतरी मनात येऊन मी स्टुलावरच बसलो.

शेवटी सापडले ते लग्नाचे धवले गाणाऱ्या धवलारीण बायजाबाईसमोर. रेकॉर्ड सारखी तिच्या तोंडावर येत होती म्हणून तिने दोरा तोडला, आणि हळदीची परात डुगडुगत होती म्हणून ती रेकॉर्ड परातीखाली सारली. मी हात घातला तर तिने तो बाजूला केला आणि दोन ओळींच्या मधे म्हणाली, ‘धवला मधीच तोडत न्हाय रं. बस गप.’ आता आपल्यात धवलारीण गात असताना तिच्यापुढची हळद हलवायची कोणाची टाप आहे? बसलो. तो धवला काही संपेना. त्यात सगळे देव येऊन गेले, नवरीचे मामे येऊन गेले, आणि बाप आयता हाताशी लागलाय म्हटल्यावर बायकांनी मला कानाच्या आतपर्यंत पिवळा केला. प्रत्यक्ष मैफलीची हौस माझी एका बैठकीत फिटली.

रेकॉर्ड साबणाच्या पाण्याने हलकेच धुतली, सावलीत वाळवली, आणि सुई ठेवताना मी डोळे मिटले. खरखर. तबला. आणि आबा! आत्या, मी रडलो. फक्त एक झालंय. हळद तिथल्या रेघांत बसलीय, सुई अडखळते, आणि आबा आता तेच वाक्य तीनदा म्हणतात. मैना म्हणाली, ब्रश मारून बघा. मी म्हटलं, राहू दे, एकदा सांगून ते कधी थांबले होते?

सर्वांना नमस्कार. गुडघ्यांना जप.

तुझा,
केसरीनाथ

ता. क. मैनाचा फुगा तू आलीस तरच फुटेल. येत्या रविवारी गाडी पाठवतो.

ता. क. २ : बोलावण्याचं खरं कारण वेगळंच आहे. हळदीत राघोकाका त्या मैफलीबद्दल म्हणाला, ‘त्या राती तुजा बा ठाण्याला गेलाच न्हवता, माज्यासंगं खाडीव जाळं लावीत व्हता.’ त्याने घेतलेली होती, पण घेतल्यावरच तो खरं बोलतो. आबांचा आवाज तुझ्याइतका आता कोणाला ओळखू येणार? येऊन एकदा ऐक आणि सांग.

ता. क. ३ : नको, सांगू नकोस. नुसती ये. ते वाक्य झाल्यावर हसणारी बाई तू, असं मीच मनाशी ठरवून इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलोय. आबा तीनदा म्हणतील, ‘सरक’. त्यानंतर तू हस. पुढचं मी बघतो.