शेपूट तुटलेला बोया

प्रिय कप्तान,

तुझा फोन नाही म्हणजे तू बरा आहेस, असं मी धरून चालते. आपलं लग्न टिकून होतं तेव्हाही असंच धरायचे. तुझ्या आईंच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. पट्टी काढल्यावर त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, तू केवढी थकलीस." आपण वेगळे झाल्यावरही मी त्यांच्याकडे जाते हे तुला खटकायचं, पण डोळ्यात थेंब घालायला कुणीतरी लागतंच. त्या तुझी चौकशी करतात. तुला जहाजावरून उतरवून जमिनीवर बसवून ठेवलंय, एवढंच मी त्यांना सांगितलं. कारण सांगितलं नाही.

ऑफिस आहे तसंच आहे. एसीखालची बादली अजून हललेली नाही. भिंतीवरच्या पडद्यावर समुद्रात तरंगत सोडलेल्या बोयांचे ठिपके तसेच सरकत असतात. यातले कितीतरी बोये तुझ्याच जहाजावरून पाण्यात गेले. तुझे खलाशी ते कठड्यावरून ढकलायचे, तू वेळ आणि जागा कळवायचास आणि चहा प्यायला जायचास. पुढे त्यांचं काय होतं हे तू कधी विचारलं नाहीस आणि मीही कधी सांगत बसले नाही. आता सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

वर दिसतो तो कलिंगडाएवढा गोळा. त्याच्या पोटात थर्मामीटर आणि उपग्रहाशी बोलणारं यंत्र. पण खरी गंमत खाली असते. दोरीच्या टोकाला कापडाची एक लांबलचक नळी खोल पाण्यात लोंबत असते. आम्ही तिला शेपूट म्हणतो. शेपूट आहे तोवर बोया पाण्याबरोबर जातो, वाऱ्याला दाद देत नाही. वादळात ते तुटलं, की तोच बोया फुग्यासारखा वाऱ्यामागे पळत सुटतो. ठिपका मात्र दोघांचा सारखाच दिसतो. फरक एकच. शेपूटवाला बोया खालच्या ओढीने लाटेत सारख्या बुड्या मारतो आणि तुटलेला मजेत वर तरंगतो. ही बुड्यांची नोंद आमच्याकडे येते. ती फारसं कुणी उघडून बघत नाही.

ती मासेमारीची बोट हरवली तेव्हा मी ती उघडली. बोटीवर पाच माणसं होती, इंजिन बंद पडलं होतं. पाणी आत शिरतंय, एवढं सांगून वायरलेस गप्प झाला होता. शोधकेंद्राच्या संगणकाने बोट शोधायला ईशान्येचा चौकोन आखला आणि तुला तिकडे धाडलं. संगणकाने प्रवाहाचा अंदाज घेतला होता तो जवळच्या एका बोयावरून, आणि वादळ झाल्यापासून त्या बोयाने जवळपास बुडीच मारली नव्हती. शेपूट गेलं होतं. शेजारचा धडधाकट बोया हळूहळू दक्षिणेला चालला होता. पाण्याने भरलेली जड बोट त्याच्यासारखीच जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी शोधकेंद्राला फोन केला. ड्यूटीवरचे साहेब सभ्य होते. म्हणाले, "मॅडम, लेखी पाठवा. चौकोन बदलायचा तर वरून मंजुरी लागते, संध्याकाळपर्यंत बघतो." मी लेखी पाठवलं. मग तुझ्या जहाजाचा नंबर लावला.

इतक्या वर्षांनी तुझा आवाज ऐकला आणि मी तुला अक्षांश-रेखांशांचे अंश आणि कला सांगत बसले. माझं सगळं ऐकून घेऊन तू एवढंच विचारलंस, "हे तुला दिसतंय, की वाटतंय?" मी म्हटलं, दिसतंय. तू "बरं" म्हणालास आणि फोन ठेवलास. तुझ्या त्या "बरं"वरून आपण संसारात किती भांडलो असू. त्या दिवशी मात्र थोड्या वेळाने पडद्यावर तुझं जहाज वळलेलं दिसलं.

पुढचं तुझ्यासमोरच घडलं. बोट मी म्हटलं त्याच्या आसपासच सापडली, कडेपर्यंत बुडालेली, आणि चार माणसं जिवंत. पाचवा होता त्यांचा इंजिन सांभाळणारा मिस्त्री. बोटीवर फुगवायचा तराफा होता हे कागदोपत्री कुठेच नव्हतं. बाकीच्यांना उतरता यावं म्हणून तराफा धरून ठेवायला तो आधी त्यात उतरला आणि दोर तुटला. तराफा हलका, तो वाऱ्याने ईशान्येला नेला, नेमका त्या चौकोनात. दुसऱ्या दिवशी एका मालवाहू जहाजाला तो दिसला, आत मिस्त्रीचा मृतदेह. डॉक्टरांच्या मते मिस्त्री काही तासांपूर्वीपर्यंत जिवंत होता. संगणक चुकला नव्हता, तो दुसऱ्याच कुणाचा तरी रस्ता सांगत होता. तुला तिथेच राहू दिलं असतं तर काय झालं असतं, हे मीही मांडून पाहिलं. तो वाचला असता. चौघे गेले असते.

गेल्या आठवड्यात मिस्त्रीची बायको ऑफिसात आली. शिवणकाम करते, बोटाला शिवताना घालायचं टोपण तसंच होतं, कामावरून उठून आली असावी. नवरा कुठून कुठे गेला ते दाखवा म्हणाली. मी पडद्यावर दाखवलं. बराच वेळ बघून तिने विचारलं, "मग इथे कोणीच नव्हतं?" मी म्हटलं, जहाज होतं, ते दक्षिणेला वळलं. कुणी वळवलं, म्हणाली. मी म्हटलं, मी. ती खाली बसली. पाणी मागितलं, पण प्यायली नाही. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि द्याव्यात असंही वाटलं. ती म्हणाली, "त्या चौघांत माझा सख्खा भाऊ आहे. तो जेवत नाही. माझ्याकडे बघत नाही. हे मला सांगितलंत तसं त्याला सांगाल का?"

मी गेले. दोन खोल्यांचं घर, दारात मशीन, मशीनवर अर्धवट शिवलेला शाळेचा गणवेश. भाऊ भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी कागदावर दोन रेघा काढल्या, एक पाण्याची, एक वाऱ्याची, आणि सांगितलं की जहाज एकच होतं. तो उठून बसला. म्हणाला, "म्हणजे आम्ही त्याच्या वाटणीचं जहाज घेतलं नाही." मी म्हटलं, नाही, मी पाठवलं. त्यावर तो गोंधळून म्हणाला, "पण कप्तानसाहेबांनी तर चौकशीत आमच्यासमोर सांगितलं, त्यांनी स्वतःच ठरवलं. कुणी फोन केला नव्हता." बहिणीने त्याच्यापुढे ताट ठेवलं. त्याने दोन घास खाल्ले. मी उरलेला वेळ तिथे बसले खरी, पण ते काय बोलले ते मला आठवत नाही.

तर हे पत्र त्यासाठी. काल सकाळी मी, मंजुरीशिवाय चौकोन सोडल्याबद्दल तुझ्यावर बसलेल्या चौकशी समितीपुढे गेले आणि सांगितलं की मंजुरीची वाट न बघता जहाजाला मी फोन केला आणि कप्तानाने माझ्या शब्दावर जहाज वळवलं. फोनची नोंदही दिली. माझी नोकरी जाईल की राहील, तुझं जहाज तुला परत मिळेल की नाही, कुणीच काही बोललं नाही. उद्या तुला पुन्हा बोलावतील. हे तुला त्यांच्या तोंडून कळू नये, म्हणून लिहिलं. तू मला वाचवायला गेलास हे कळलं, पोचलं. पण आता खरं तेच सांग. तुला खोटं बोलताना मी एकदाच पाहिलंय, वेगळं होताना, जेव्हा तू न्यायाधीशांना म्हणालास की तुला काहीच वाटत नाही.

तुझीच,
असं लिहून गेले, खोडत नाही.